उभं राहिलेल्यांची यादी

आमच्या मंडळीत देव फार बोलायचा. मंडळी म्हणजे आमचं अंबरनाथचं चर्च, पत्र्याच्या छपराची एक लांबट खोली आणि तिच्यात दर रविवारी जमणारी चाळीसेक घरं. या चाळीस घरांपैकी कुणाशी ना कुणाशी देव आठवड्यातून एकदा तरी बोललेला असायचाच, आणि मग रविवारी साक्षीच्या वेळी त्या माणसाने उभं राहून ते सगळ्यांना सांगायचं अशी रीत होती. साळवे मास्तरांना देवाने बदलापूरला प्लॉट घ्यायला सांगितलं होतं, तोही स्टेशनपासून जवळचा. मास्तरांच्या बायकोला त्याने थोरल्या सुनेला चार महिने माहेरी धाडायला सांगितलं. माझ्या पप्पांना तर तो बारीकसारीक गोष्टींतही मार्गदर्शन करायचा. रविवारचा ओव्हरटाइम घेऊ नको, पण मंडळीचं चिटणीसपद काही झालं तरी सोडू नको, असं त्याचं पप्पांना सक्त सांगणं होतं. मी तेव्हा चौदा वर्षांची होते, आणि इतकं सगळं बोलणारा देव कधीच कुणाला गैरसोयीचं काही कसं सांगत नाही, हे मला कळत नव्हतं. आईला विचारलं तर ती भाकरी थापता थापता म्हणाली, "पमे, तोंड आवर. पप्पांच्या कानावर गेलं तर उपवास धरतील तुझ्यासाठी."

आता मी साठीला टेकले आहे. बदलापूरला शिरगावात मुलाने घेतलेल्या फ्लॅटमध्ये राहते, आणि देवाचं बोलणं आता मोबाइलवर येतं. मंडळीचा ग्रुप आहे. पहाटे पाचला पहिला मेसेज पडतो, आज प्रभूने माझ्याशी बोलून सांगितलं की, आणि पुढे गुलाबाच्या फुलांवर छापलेला उपदेश, जो त्याच प्रभूने आदल्या दिवशी आणखी तिघांना जसाच्या तसा सांगितलेला असतो. मी सगळ्यांना अंगठा दाखवते. सून म्हणते, "आई, तुम्ही फार कुजकट आहात." असेन. पण हा कुजकटपणा कुठून आला ते एकदा लिहून ठेवायला हवं, म्हणून हे प्रकरण.

पप्पा काड्यापेटीच्या कारखान्यात क्लार्क होते आणि आम्ही कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये राहत होतो. भोंग्यावर उठायचं, भोंग्यावर डबा भरायचा. पप्पांच्या शर्टांना काडी ओढल्यावर येतो तसला वास कायम असायचा आणि मला तो आवडायचा, हे कबूल करते. त्यांचं अक्षर मोत्यासारखं होतं. कारखान्याची रजिस्टरं, मंडळीचे अहवाल, लग्नाची निमंत्रणं, सगळं त्यांच्याच हातचं. यादी करणं हा त्यांचा आनंद होता. घरात साखर संपली तरी ते आधी यादी करायचे. रविवारी सकाळी दाढी करताना ते गीतं म्हणायचे, वरच्या पट्टीत, साबणाच्या फेसातून, आणि शेजारच्या सिंधी काकू भिंतीवर दोनदा थाप मारायच्या. ती तक्रार आहे की दाद, याचा आमच्या घरात कधीच निकाल लागला नाही. त्याच काकूंकडून रविवारची दाल-पकवान यायची. उपासनेहून परतल्यावर मटण. आईचं माहेर नगरकडचं, काळं तिखट तिकडून यायचं, आणि घरभर असा वास सुटायचा की प्रार्थनेला डोळे मिटले तरी तोंडाला पाणी सुटे. पप्पांची जेवणाआधीची प्रार्थना मात्र लांबलचक. राज्यकर्त्यांसाठी, आजाऱ्यांसाठी, प्रवासात असलेल्यांसाठी, आणि शेवटी ठरलेलं वाक्य, आमच्यातल्या प्रत्येकाने तुझ्या हाकेला ओ द्यावी. तोवर रश्श्यावर तवंग धरलेला असायचा.

ताराबाई पाटोळेंना आम्ही सगळी मुलं तारामावशी म्हणायचो. ती विधवा होती, मूलबाळ नव्हतं. तेव्हा मला ती म्हातारी वाटायची, पण पस्तिशीच्या पुढे नसावी. उल्हासनगरला कॅम्प दोनमध्ये एका सिंधी सेठच्या कारखान्यात ती टिकल्या छापील कागदी पत्त्यांवर चिकटवायचं काम करायची, आणि कारखान्याच्या मागच्याच बाजूला सेठने तिला राहायला खोली दिली होती. तिच्या कपाळावर स्वतःची टिकली नसे, पण बोटांच्या टोकांना लाल, हिरवी चमचम कायम लागलेली. मास्तरांच्या बायकोला हे खटकायचं. ख्रिस्ती बाईने असलं काम करावं का, असा प्रश्न तिने स्त्री-सभेत दोनदा काढला होता. दुसरं काम देऊ का, असं कुणी विचारलं नाही. रविवारी तारामावशी सगळ्यांच्या आधी यायची, चर्च झाडायची, सतरंज्या घालायची. महिन्यातून एकदा प्रभुभोजन, म्हणजे भाकर आणि द्राक्षरसाचा विधी, असे, त्यासाठी काळे मनुके रात्रभर भिजवून, उकळून, फडक्यातून गाळून द्राक्षरस तीच करायची, आणि नंतर ते इवलेसे पेले धुवायचीही तीच. उपासना चालू असताना ती दाराशी उभी असायची. खुर्च्या मोजक्या, सतरंजीवर बसलं तर बाहेरच्या स्टोव्हवरचा चहा उतू जाईल, म्हणून उभी. मी तिला कधी बसलेली पाहिली नव्हती.

एका रविवारी बदलापूरच्या पलीकडे, बारवीच्या रस्त्याला असलेल्या एका वाडीवरून दोन माणसं आमच्या धर्मगुरूंकडे, पाळकसाहेबांकडे आली. डोंगरउतारावरची वाडी, भातशेती आणि जंगलातली लाकूडफाट्याची कामं करणारे लोक. साहेबांनी पूर्वी त्यांच्यातल्या एका अडलेल्या बाईला दवाखान्यात पोचवलं होतं, तेवढी ओळख. म्हणाले, "साहेब, आमच्यात कुनीतरी येऊन र्‍हावा. पोरांना अक्षर दाखवाला, बायांना दवाखान्यात न्यावाला. खोली आमी देतूं." एवढंच मागणं. पण साहेबांना ते फार लागलं. पुढच्या रविवारी त्यांनी पाचारणावर उपदेश केला. पाचारण हा आमच्यातला जड शब्द, देवाने नाव घेऊन बोलावणं असा त्याचा अर्थ. साहेब बोलता बोलता रडले. पेटीवाल्याने हलके सूर धरले. "ज्यांना आज ही हाक ऐकू येते आहे त्यांनी उभं राहावं," साहेब म्हणाले.

पप्पा उठले. चिटणीस होते, त्यांना बसून राहणं शोभलं नसतं. पप्पा उठल्यावर साळवे मास्तरांना उठणं भाग होतं, कारण त्या दोघांचं सगळ्याच बाबतीत असं होतं. मग मास्तरांच्या मागे बसलेले दोघे उठले, आणि पेटी वाजतच राहिल्यामुळे आणखी काही जण. रडू संसर्गजन्य असतं. पप्पांनी लगेच खिशातून पेन काढून उभं राहिलेल्यांची यादी करायला घेतली, स्वतः उभे राहूनच. अकरा नावं झाली. अकरा हा आकडा त्यांना खटकला असणार, कारण त्यांनी एकदा सगळीकडे नजर फिरवली, आणि ती दाराशी जाऊन थांबली. तिथे तारामावशी उभी होती, नेहमीसारखी, एक डोळा चहावर ठेवून. पप्पांनी तिचं नाव लिहिलं. "बारा," त्यांनी जाहीर केलं. "येशूच्या प्रेषितांइतके!" साहेब गहिवरून म्हणाले. बाई नऊ वर्षं त्याच जागी उभी होती, पण तिचं उभं राहणं मोजलं गेलं ते त्या दिवशी पहिल्यांदा.

सोमवार उजाडला आणि पाचारण ओसरलं. मास्तरांचं ब्लडप्रेशर वर गेलं. एकाच्या मुलीचं लग्न ठरत होतं, एकाची रिटायरमेंट दोन वर्षांवर होती, एकाला तर डोंगराळ हवा सोसत नाही असं डॉक्टरांनी लहानपणीच सांगितलेलं निघालं. पप्पा आईला म्हणाले, "मी जायला तयारच आहे गं, पण तुमचं काय?" आई म्हणाली, "आमचं आम्ही बघू की."  गंमत अशी की नाही म्हणणारा एकही निघाला नाही. नाव मागे घ्यायचं तर पुन्हा सगळ्यांसमोर उभं राहावं लागलं असतं. तीन आठवडे बाराही जण प्रभूची इच्छा, प्रभूची इच्छा म्हणत एकमेकांकडे बघत राहिले. शेवटी मास्तरांनी तोड काढली. चिठ्ठ्या टाकू. प्रेषितांनीही टाकल्या होत्या, म्हणजे शास्त्राला धरून आहे. ज्याचं नाव निघेल त्याने एक वर्ष वाडीवर जाऊन राहायचं, आणि वर्षाने दुसऱ्याची पाळी.

शनिवारी दुपारी मास्तर आमच्याकडे आले. मला अभ्यासाची वह्या-पुस्तकं घेऊन बाहेरच्या कट्ट्यावर बसायला सांगितलं, आणि आतल्या खोलीचं दार लागलं. जुन्या कॅलेंडरचं पान कापल्याचा कात्रीचा आवाज मला ऐकू येत होता. चिठ्ठ्या करायला दोन माणसं आणि बंद दार कशाला लागतं, हा प्रश्न मला पडला नाही. पडायला हवा होता.

रविवारी त्या घडी घातलेल्या चिठ्ठ्या अर्पणाच्या लाल मखमली थैलीत टाकल्या, आणि काढायला निष्पाप हात हवा म्हणून मला पुढे बोलावलं. मी हात घातला. चिठ्ठी काढून उलगडली आणि मोठ्याने वाचली, "ताराबाई पाटोळे." आणि तेव्हाच कळलं की एकीच्या घडीत दुसरी अडकून आली आहे. ती माझ्या तळहातावर अर्धी उघडली. तिच्यावरही ताराबाई पाटोळे होतं, पप्पांच्या अक्षरात, त्यातल्या पाटोळेच्या मात्रेला त्यांची ती खास वळणदार शेपटी. मी पप्पांकडे पाहिलं. ते माझ्याचकडे बघत होते. मग त्यांनी डोळे मिटून घेतले, प्रार्थनेला मिटतात तसे. मी मूठ मिटली.

दाराशी तारामावशी म्हणाली, "मी?"

"उभ्या होता ना तुम्ही त्या दिवशी," पप्पा म्हणाले.

"हो, उभी तर होते," ती म्हणाली. मग विचारलं, "पेल्यांचं कोण बघेल?"

तोवर गीत सुरू झालं होतं. घरी येताना मी ती दुसरी चिठ्ठी तोंडात घालून चावून गिळून टाकली. त्या दुपारी पप्पांची जेवणाआधीची प्रार्थना दोन वाक्यांत आटोपली. मटणातली नळी ते कधी कुणाला देत नसत. ती त्यांनी उचलून माझ्या ताटात टाकली. आईने आश्चर्याने बघितलं. मी ती नळी चोखून खाल्ली.

मला त्या वयात वाटलं होतं की पप्पांचा आणि मास्तरांचा देवावर विश्वासच नाही, सगळं सोंग आहे. आता तसं वाटत नाही. त्यांचा पक्का विश्वास होता की थैलीतून चिठ्ठी देवच काढील, आणि तिथेच त्यांची गाळण उडाली. चिठ्ठी म्हणजे नुसता कागद असं वाटत असतं तर बारांत एखाद वेळी आपलं नाव निघेल एवढी भीती त्यांनी पचवली असती. पण देव खरोखरच निवडणार म्हटल्यावर तो कुणाला निवडील हे दोघांनाही मनातून ठाऊक होतं. म्हणून त्यांनी देवाला निवडायला वावच ठेवला नाही. नास्तिक माणूस असल्या भानगडीत पडत नाही.

तारामावशीचं काम गेलं आणि कामाबरोबर खोलीही गेली. निरोप घ्यायला ती गेली तेव्हा आई आणि मी तिच्याबरोबर होतो. सेठने पत्त्यांच्या ढिगातून मान वर करून विचारलं, "बाई, एक साल के बाद वापस आओगी तो मैं किधर रखूँगा? दूसरी औरत आ जाएगी."

"मालूम है सेठ," ती म्हणाली.

"किसने बोला जाने को?"

"देवानं."

सेठ आईकडे बघून म्हणाला, "इनके भगवान को भी गरीब ही मिलता है." आईची मान खाली गेली. मला मात्र तो सेठ फार आवडला.

तिला पोचवायला सगळी मंडळी टेम्पो करून गेली. हारतुरे, पेटी, तबला, बिर्याणीचं पातेलं. वाडीच्या मधल्या मोकळ्या जागेत पाळकसाहेबांनी प्रार्थना केली, मास्तरांनी भाषण केलं, पप्पांनी मंडळीच्या त्यागाबद्दल दोन शब्द सांगितले. फोटो काढला. त्या फोटोत अकराही हाक ऐकलेले पुढच्या ओळीत आहेत आणि तारामावशी एका टोकाला, निम्मी कापली गेलेली. वाडीतली एक म्हातारी बराच वेळ हे बघत होती. शेवटी तिने आईला विचारलं, "हीच बाय र्‍हानार हाय ना? मंग तिला ठेवा नि तुमी जावा. तिला घर सारवून घ्यावाचा हाय." आम्ही बिर्याणी खाऊन चारच्या आत परतलो.

त्यानंतर मंडळीत दर महिन्याला अहवाल वाचला जाई. पप्पांनी त्यासाठी तक्ते छापून घेतले होते आणि त्यात किती घरी प्रार्थना झाली, किती जणांनी वचन ऐकलं, किती आत्मे जिंकले असे रकाने होते. वाडीतला आश्रमशाळेत जाणारा एखादा मुलगा मावशी सांगेल ते लिहून पाठवायचा. रकाने रिकामे, आणि खाली एक-दोन ओळी. काशीच्या पोराचा ताप उतरला. लावणी झाली. विहिरीला पायरी बांधली, आता घसरत नाही. पप्पा हे चष्मा काढून, पुन्हा घालून वाचायचे. "फळ दिसत नाही," मास्तर मान हलवायचे. दुसऱ्याची पाळी यायची ते वर्ष उलटून गेलं, दुसरं गेलं, तिसरं गेलं. ती बाब कमिटीच्या कामकाजात दर वेळी पुढे ढकलली जायची. आमच्या मंडळीने मिशनरी पाठवली आहे, असं मात्र बाहेरच्या पाहुण्यांना हटकून सांगितलं जायचं.

मी उल्हासनगरला कॉलेजात जायला लागले त्या वर्षी देवाने पप्पांना सांगितलं की माझं शिक्षण पुरे झालं आणि मास्तरांचा पुतण्या चांगला मुलगा आहे. पुतण्याला मी ओळखत होते. तो बोलताना समोरच्याच्या कपाळाकडे बघायचा. घरात आठ दिवस रडारड झाली, आणि नवव्या दिवशी मला आठवलं की माझ्याकडे हत्यार आहे. सगळ्या मंडळीसमोर उभं राहून चिठ्ठ्यांची गोष्ट सांगितली की पप्पांचा देव कायमचा गप्प बसला असता. फक्त साक्षीदार हवा होता. मी कॉलेज बुडवून बदलापूरला उतरले, बसने फाट्यापर्यंत गेले आणि तिथून चालत वाडीवर.

तारामावशी एका बाईच्या पायाची जखम धूत बसली होती. बसलेली, हे आधी लक्षात आलं. बोटांवरची चमचम गेली होती आणि रंग उन्हाने रापला होता. मला बघून ती म्हणाली, "जेवलीस?" नाचणीची भाकरी आणि सुकटीची चटणी तिने पुढे ठेवली. खाऊन होईपर्यंत मला धीर नव्हता. तोंडात घास असतानाच मी म्हणाले, "मावशी, चिठ्ठ्या सगळ्या तुझ्याच नावाच्या होत्या. बाराच्या बारा. पप्पांनी लिहिल्या."

"माहीत आहे," ती म्हणाली.

मी भाकरी ताटात परत ठेवली. तिने पाणी दिलं.

"सोमवारी थैली उन्हात घालायला काढली. आतच राहिल्या होत्या. मला वाचता येत नव्हतं तेव्हा, पण सहीपुरतं नाव सेठच्या बायकोने शिकवलेलं. उघडेन ती चिठ्ठी माझीच. डोकं फिरलं माझं. तशीच चालत तुमच्या क्वार्टरपर्यंत आले होते, दार वाजवून तुझ्या बापाच्या तोंडावर टाकणार होते."

"मग का नाही टाकल्यास?"

"वाटेत ते दोघं आठवले, इथनं आले होते ते. उन्हात साहेबांच्या दाराबाहेर उकिडवे बसले होते, मीच त्यांना चहा दिला होता. आता मी जाऊन भांडले तर काय होणार? तुझा बाप लाजेल, मास्तर लाजेल, सगळे रडतील, माफी मागतील, आणि इथं येणार कोण? कुणीच नाही." तिने जखमेवर फडकं बांधलं आणि त्या बाईला जायची खूण केली. "ती बाप्ये माणसं खोटी वागली गं. पण बोलावणं आलं होतं ते खरंच होतं. ते मी कानांनी ऐकलं होतं, चहा देताना."

मी म्हणाले, "मी सांगते सगळ्यांना. तू फक्त माझ्या बाजूने उभी राहा."

ती हसली नाही. "थैलीत दहाच होत्या," ती म्हणाली. "एक तू वाचलीस. म्हणजे अकरा झाल्या. बारावी कुठं गेली ते मला त्याच दिवशी कळलं होतं. चार वर्षं वाट बघितली, ही पोर कधी येऊन सांगते."

मी रडायला लागले. तिने रडू दिलं, समजूत घातली नाही. मग म्हणाली, "बोलायचं तेव्हा बोलली नाहीस. आता गप्प राहायचं. आत्ता फोडशील तर ते लाजेकाजेस्तव मला इथनं घेऊन जातील, आणि इथल्या बाया अडल्या की पुन्हा झोळीत घालून खाली न्याव्या लागतील. मी मेल्यावर सांग हवं तर. तुझ्या लग्नासाठी माझं घर मोडू नको."

घर हा शब्द तिने त्या खोलीसाठी वापरला. परतीच्या बसमध्ये मला माझीच किळस आली. चार वर्षं मी सगळ्या मंडळीला मनात नावं ठेवत होते, पप्पांना, मास्तरांना, पेटीवाल्यालासुद्धा, आणि या सगळ्यांत एकच माणूस असं होतं ज्याला सत्य हातात मिळालं होतं आणि ज्याने ते गिळलं होतं. देव माझ्याशी कधी बोलला नाही, असं मी त्या वयात फुशारकीने सांगायचे. तो बोलला होता, माझ्या तळहातावर, चांगल्या ठसठशीत अक्षरात.

लग्नाचं म्हणाल तर ते मी माझ्या पद्धतीने निपटलं. घरी जाऊन पप्पांना सांगितलं की देवाने मला नाही म्हणून सांगितलं आहे. आमच्या घरात देवाची उलटतपासणी करायची सोय नव्हती, त्यामुळे विषय तिथेच संपला.

चिठ्ठ्यांचं मात्र मी चाळीसहून जास्त वर्षं बोलले नाही. मावशी वाडीवरच राहिली. वाचायला शिकली, ते त्या आश्रमशाळेतल्या पोरांकडून. गेल्या वर्षी ती तिथेच गेली. वाडीच्या लोकांनी तिला टेम्पोतून अंबरनाथला आमच्याकडे आणलं, कारण आपल्या लोकांत पुरा असं तिने सांगितलं होतं. हे वाक्य ऐकून मला हसू आलं होतं आणि लाजही वाटली होती. चर्च आता टाइल्सचं झालं आहे, माइक आहे, पडदा आहे. मास्तर कधीच गेले. पप्पा शहाऐंशीचे, काठी टेकत आले आणि पहिल्या ओळीत बसले. नवे तरुण पाळक म्हणाले की या भगिनीला प्रभूने चिठ्ठीने निवडलं होतं, आणि ती चिठ्ठी काढणारा हात आज आपल्यात आहे, त्यांनी चार शब्द बोलावेत.

मी उभी राहिले.  मागे वाडीच्या बाया भिंतीला टेकून उभ्या होत्या, खुर्च्या रिकाम्या असूनही त्यांना कुणी बसा म्हटलं नव्हतं. पप्पांकडे न बघता मी एका दमात सांगून टाकलं. "थैलीत बारा चिठ्ठ्या होत्या. बारांवरही एकच नाव होतं, ताराबाई पाटोळे. मी तेव्हा बघितलं आणि बोलले नाही."

 मग मधल्या ओळीतून कुणीतरी ओरडलं, "हल्लेलुया!" आणि सगळं चर्च उठलं. बारा चिठ्ठ्या आणि एकच नाव! प्रभूचा महिमा! पाळकांचे डोळे भरून आले. पेटीच्या जागी आता कीबोर्ड आहे, तो सुरू झाला. शेजारची बाई मला मिठी मारून म्हणाली, "ताई, एवढा मोठा चमत्कार तुम्ही इतकी वर्षं मनात ठेवलात?" पुढच्या अर्ध्या तासात तो ग्रुपवर गेला असणार, गुलाबांसकट.

तेव्हा पप्पा उठले. काठीवर जोर देऊन, सावकाश. त्यांनी हात वर केला आणि गाणं थांबेपर्यंत वर धरून ठेवला. "चमत्कार नाही," ते म्हणाले. माइक त्यांच्यापासून लांब होता, पण ऐकू गेलं. "त्या चिठ्ठ्या मी लिहिल्या. बाराही. मला जायचं नव्हतं, म्हणून लिहिल्या."

तरुण पाळकांनी खाली येऊन त्यांचे दोन्ही हात धरले. प्रेमाने धरले, हे मी नाकारत नाही. "पप्पाजी," ते माइकमध्ये म्हणाले, "देवाने तुमचा हात वापरला." पुन्हा हल्लेलुया झालं, पहिल्यापेक्षा मोठं. पप्पा हात सोडवून घेत होते, नाही, नाही म्हणत होते, आणि लोक त्यांच्या नम्रतेवर माना डोलवत होते.

माती देऊन झाल्यावर मी त्यांना रिक्षात घेऊन बसले. रिक्षा स्टेशनच्या पुलाशी आली. तेव्हा ते काठीची मूठ चोळत म्हणाले, "सगळा जन्म भीत काढला, पमे, की कळलं तर लोक काय म्हणतील. आज सांगितलं, तर कुणी ऐकलंच नाही."

"मी ऐकलं ना, पप्पा," मी म्हणाले.

"तुला माहीतच होतं," ते म्हणाले, आणि घर येईपर्यंत माझ्याकडे बघितलं नाही.